टिटवीला लागलेला वेळ

जहाज दिसलं तेव्हा सकाळचे सव्वानऊ झाले होते. आधी मला तो ढगाचा तुकडा वाटला. मग त्याला कोपरे दिसायला लागले. मी अण्णांना म्हटलं, "आलं."

अण्णांनी मान वर केली नाही. ते आमच्या बोटीच्या कॉकपिटमध्ये, सुकाणू धरायच्या उघड्या जागेत, मागच्या टोकाला बसून शिडाच्या एका लांब दांड्याला कपाटाचं दार बांधत होते. आमचं सुकाणू आदल्या दिवशी तुटून समुद्रात गेलं होतं, त्याच्या जागी हे वल्हं लावायचा त्यांचा विचार होता. दोरीचा एक फेरा घ्यायचा, दातात धरून आवळायचा, मग पुढचा फेरा. उजव्या हाताची तीन बोटं सुजून निळी पडली होती, म्हणून दात.

"सायमनला सांग," ते म्हणाले.

सायमनकाका खाली केबिनमध्ये आडवे होते. डाव्या बाजूच्या चार-पाच बरगड्या तरी मोडल्या असाव्यात. श्वास घेताना आतून शिट्टी वाजल्यासारखं व्हायचं आणि थुंकी गुलाबी येत होती. मी त्यांच्या कानाशी वाकून जहाज आल्याचं सांगितलं. त्यांनी डोळे उघडले, मिटले, इतकंच. त्यांचं ऐंशी किलोंचं शरीर आदल्या दिवशी दुपारी केबिनच्या एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर गेलं होतं. ते मी समोरून पाहिलं होतं. मला त्याचं काही वाटायला हवं होतं, पण मी त्यांच्या उशीखालची ओली चादर काढून कोरडी घातली आणि वर आले.

ही सात वर्षांपूर्वीची गोष्ट, नोव्हेंबरातली. गोव्याहून निघायचं, मिनिकॉय बेटाला वळसा घालायचा आणि मुंबईला यायचं, अशी ती शिडाच्या बोटींची शर्यत होती. अकरा बोटी होत्या. आमची सगळ्यांत लहान, छत्तीस फुटी, आणि घरी बांधलेली ती एकच.

बांधली होती अण्णांनी, माझ्या वडिलांनी. चौतीस वर्षं गोदीत टगबोटींची इंजिनं सांभाळून ते निवृत्त झाले आणि रेवदंड्याला खाडीकाठी पत्र्याची शेड टाकून बसले. प्लायवुड, राळ आणि काचेचं कापड यांतून बोट उभी राहायला नऊ वर्षं लागली. मदतीला कुणी नसायचं. शेडमधून पहाटेपासून एकट्याचा ठोकण्याचा आवाज यायचा, म्हणून आई म्हणायची, टिटवी बोलायला लागली वाटतं. तेच नाव पडलं.

सायमन घोन्सालवीस वसईचे. अण्णांचे गोदीतले सहकारी, त्यांच्याहून दहा-अकरा वर्षांनी लहान. शर्यतीत उतरायचं ठरलं तसं अण्णांनी आम्हां दोघांना आठ महिने दर रविवारी पाण्यावर काढलं. मी तेव्हा एकतीस वर्षांची होते, अलिबागला रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करत होते. शिडं चढवणं-उतरवणं, दोर सोडणं, पडलेला माणूस समजून पाण्यात टाकलेला डबा सहा मिनिटांच्या आत परत उचलणं, हे सगळं झाल्यावर ते आमच्या डोळ्यांना पंचा बांधत आणि खाली पाठवत. टिटवीच्या तळाला सात व्हॉल्व होते, समुद्राचं पाणी आत-बाहेर करणारे. ते सातही चाचपून शोधायचे, बंद करून वर यायचं. सायमनकाका दोनदा सहाच बंद करून आले आणि दोन्ही वेळा अण्णांनी त्यांना चहा दिला नाही. बोट सोडायची कधी, असं मी एका रविवारी विचारलं होतं. ते म्हणाले होते, तरंगते आहे तोवर नाही. माणसं बोट लवकर सोडतात आणि बोट मागाहून कुठेतरी सुखरूप सापडते. माणसं सापडत नाहीत.

मिनिकॉयचा वळसा आम्ही पाचव्या क्रमांकावर घेतला. परतीच्या वाटेवर कमी दाबाचा पट्टा आमच्या डोक्यावरून गेला. वर्तवलं होतं त्याहून तो मोठा निघाला. दीड दिवस आम्ही वाऱ्यापुढे पळत होतो. दुसऱ्या दुपारी टिटवी एका लाटेवरून आडवी पडली. त्याच फटक्यात सायमनकाका फेकले गेले आणि सुकाणू मोडलं. सुकाणूचा दांडा जिथून तळात उतरतो त्या नळीतून पाणी आत यायला लागलं. अण्णा मागच्या कप्प्यात पोटावर सरपटत गेले आणि तीन तास तिथे पडून होते. टॉवेल, गादीतला फोम आणि पाण्यातही घट्ट होणारी लांबी यांचा एक बोळा करून त्यांनी ती नळी बुजवली. मी बाहेरून एकेक वस्तू हातात देत होते. ते बाहेर आले तेव्हा ती तीन बोटं तशी झाली होती. मी विचारलं, दुखतंय का. ते म्हणाले, नाही. मी पुन्हा विचारलं नाही.

सायमनकाकांमुळे आम्ही सॅटेलाइट फोनवरून किनाऱ्यावरच्या बचाव केंद्राला कळवलं. केंद्राने जवळून जाणाऱ्या जहाजाला आमच्याकडे वळवलं. जहाज कोचीला चाललं होतं.

साडेदहापर्यंत ते आमच्यापासून अर्ध्या मैलावर येऊन उभं राहिलं. वारा पडला होता, पण लाटा अजून मोठ्या होत्या. कॅप्टन बंगाली होता, हिंदीतून सावकाश बोलायचा. रेडिओवर त्याने मला समजावलं की तो लहान बोट उतरवेल, तिच्यावर चार खलाशी असतील, पहिल्या फेरीत जखमी माणूस आणि दुसऱ्या फेरीत आम्ही दोघं. अण्णांना मी ते सांगितलं. ते वल्हं पाण्यात टाकून बघत होते. टिटवीचं तोंड हळूहळू लाटेकडे वळलं आणि तिथे राहिलं.

"धरतंय," ते म्हणाले.

सायमनकाकांना आम्ही फळीला बांधून वर काढलं. खलाशांनी त्यांना घेतलं. जाताना त्यांनी माझं मनगट धरलं होतं, ते सोडवायला मला त्यांची बोटं एकेक करून उघडावी लागली. खलाशांची बोट गेली. परत यायला अर्धा तास लागणार होता.

तेव्हा अण्णा बोलले. त्यांचं सगळं आधीच ठरलेलं होतं. मी सायमनबरोबर जायचं, कारण त्याच्या बायकोला कोचीला यायला दोन दिवस तरी लागतील. ते स्वतः बोटीवर राहतील. किनारा पूर्वेला एकशे नव्वद मैल आहे. बोळा धरून आहे, पंप दहा मिनिटांतून एकदा चालतो आणि थांबतो. वल्हं धरतंय. छोटं शीड लावून रोज पस्तीस-चाळीस मैल झाले तरी पाच दिवसांत जमीन दिसेल. पाणी आहे, तांदूळ आहे. आवाज अगदी सरळ होता. रेवदंड्याहून अलिबागला कुठल्या एसटीने जायचं, हे सांगतात तसा.

मी म्हटलं, "तुम्ही अडुसष्ट वर्षांचे आहात."

"बोटीला ते ठाऊक नाही."

"हात बघा तुमचा."

"डावा आहे."

मी म्हटलं, मग मीही थांबते. ते म्हणाले, नाही, तू जा. मी म्हटलं, तुम्हाला सोडून मी जाणार नाही. ते म्हणाले, "वैजू, मी तुला विचारत नाहीये." त्यानंतर ते वल्ह्याकडे बघत राहिले.

मी आपली पिशवी आणायला म्हणून खाली गेले. पाच-सात मिनिटं लागली असतील. त्या वेळात पंप सुरू झाला आणि थांबेना. वर आले तेव्हा अण्णा कान देऊन ऐकत होते.

मी म्हटलं, "बोळा सुटला. पाणी फळ्यांच्या वर आलंय."

"किती?"

"इंजिन निम्मं बुडालंय."

ते उठायला लागले. वल्हं सोडताच टिटवी आडवी फिरली आणि पहिलीच लाट कॉकपिटमध्ये आली. त्यांनी पुन्हा वल्हं धरलं. मी म्हटलं, तुम्ही बसा, मी परत बघते. मी खाली उतरले, जिन्याच्या पायथ्याशी उभी राहिले आणि वर आले. म्हटलं, वाढतंय.

अण्णांनी वल्ह्यावरची पकड बदलली. मग त्यांनी विचारलं, "खारं आहे का? चाखून बघितलंस?"

बोटीवर गोड्या पाण्याच्या दोन टाक्या होत्या. टाकी फुटली असती तरी पाणी फळ्यांवर आलं असतं. हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"खारं आहे," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. खलाशांची बोट जहाजापासून सुटलेली दिसत होती. ती लाटेमागे जायची, पुन्हा वर यायची. अण्णांनी चष्मा काढला, शर्टाच्या आतल्या बाजूने पुसला आणि परत लावला. "चल," ते म्हणाले.

रेडिओवर कॅप्टनने विचारलं की बोटीचं काय करायचं. वर दिवा लावून, जागा कळवून सोडून देता येईल, नाहीतर बुडवता येईल. निर्णय तुमचा, तो म्हणाला. मी अण्णांना विचारलं नाही. बुडवतो, असं मीच सांगितलं. अण्णा तिथून दोन हातांवर होते. त्यांनी ऐकलं.

खलाशांची बोट लागली. अण्णा आधी उतरले. एका खलाशाने त्यांना काखेत धरून ओढून घेतलं, ते मागे न बघता तळाशी बसले. मी व्हॉल्व उघडायला खाली गेले.

केबिनमध्ये फळ्या कोरड्या होत्या.

पंप रिकामा घरघरत होता, त्याला ओढायला पाणीच नव्हतं. पिशवी आणायला गेले होते तेव्हा त्याचा खटका मीच सतत चालूवर टाकला होता. मागच्या कप्प्यात मी बॅटरीच्या उजेडात बोळा पाहिला होता. लांबी दगडासारखी घट्ट झाली होती, कडेने फक्त ओल पाझरत होती. अण्णांचं काम होतं ते.

व्हॉल्व शोधायला मला दिवा लागला नाही. पाव कापायच्या सुरीने मी दोन रबरी नळ्या कापल्या, एक स्वयंपाकाच्या ओट्याखालची, दुसरी इंजिनाची, आणि दोन्ही व्हॉल्व पूर्ण उघडले. पाणी आत आलं. कोमट होतं. घोट्यापर्यंत येईतो मी तिथेच उभी होते. ओट्यावर आमचे तीन स्टीलचे पेले आपापल्या खाचेत होते, इतक्या उलथापालथीतही हलले नव्हते, ते मी बघत होते. वरून खलाशी हाका मारायला लागले तशी मी गेले.

अण्णांना वाचवण्यासाठी खोटं बोलले, असं मी पुढे पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होते. तेही होतंच. पण त्या सकाळी माझ्या मनात एवढंच होतं की मला या बोटीवरून उतरायचं आहे. दोन रात्री मी झोपले नव्हते. त्यांना सोडून उतरले असते तर जन्मभर तोंड दाखवता आलं नसतं, म्हणून त्यांनाही उतरवलं. आणि टिटवी दिवा लावून सोडली असती तर महिन्या-दोन महिन्यांनी कुठल्यातरी मच्छीमाराला ती सापडली असती, आतून कोरडी, पेले खाचेत असलेली. तसं होऊन चालणार नव्हतं.

जहाजावर आम्हाला कोरडे कपडे दिले. सायमनकाकांना एका अधिकाऱ्याने इंजेक्शन दिलं, ते झोपले. बोट बुडाल्याची वेळ केंद्राला कळवायची होती, म्हणून कॅप्टन जागेवर थांबला. मला खाली जेवायला नेलं. भात, डाळ आणि उकडलेली अंडी. मी दोन ताटं जेवले. मग एका खलाशाने दाखवलेल्या खोलीत जाऊन पडले आणि लगेच झोप लागली.

अण्णा जेवायला आले नाहीत. ते डेकवर कठड्याशी उभे होते, असं मला मागाहून कळलं.

दुसऱ्या दिवशी कोची. सायमनकाकांच्या फुप्फुसात साठलेलं रक्त काढावं लागलं. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस गेले असते तर कठीण होतं. ते वाचले, आजही वसईला आहेत. मला भेटले की माझा हात दोन्ही हातांत घेतात आणि आपल्या बायकोला सांगतात, हिच्यामुळे. मी हात काढून घेत नाही.

घरी आलो तेव्हा आई दारात होती. तिने आधी अण्णांची बोटं पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं आणि आत जाऊन गॅस पेटवला. लोक भेटायला येत राहिले. रडू आलं तर रडून घे, असं मावशी म्हणाली. मी बसून पाहिलं, आलं नाही. आठव्या दिवशी मी कामावर रुजू झाले. लोकांच्या दंडाला पट्टा बांधायचा, शीर शोधायची, सुई घालायची. कुणी कळवळलं की माझ्या लक्षात यायचं की त्यांना दुखलं असावं. वर्ष-दीड वर्ष असंच गेलं. सकाळी उठून दात घासताना पाण्याची चव घ्यायची सवय तेवढी लागली, ती मग आपोआप गेली.

अण्णांनी बोटीचा विषय काढला नाही. शर्यतीच्या लोकांनी चौकशी केली, त्यांना सगळं मीच सांगितलं, जसं तेव्हा अण्णांना सांगितलं होतं तसं. अण्णा शेजारी बसून होते. विचारलं तेव्हा म्हणाले, ती सांगते आहे तसंच. शेड त्यांनी बर्फवाल्याला भाड्याने दिली. पुन्हा हत्यार उचललं नाही. वाचायचे, बाजार करायचे, आईबरोबर संध्याकाळी चालायला जायचे. माझ्याशी नीट बोलत. जेवणात मीठ कमी असलं तर सांगत.

मागच्या वर्षी त्यांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. उजव्या डोळ्याने आधीच फारसं दिसत नव्हतं. पट्टी बांधून, औषधांची वाट बघत आम्ही पनवेलच्या त्या दवाखान्याच्या बाकावर बसलो होतो. दुपारचे तीन वाजले होते. समोर एक बाई नातवाला डबा भरवत होती. अण्णा म्हणाले, "टिटवीला बुडायला एक तास चाळीस मिनिटं लागली."

मी त्यांच्या पट्टीकडे पाहिलं.

"कठड्याशी उभा होतो. घड्याळ लावलं होतं. निम्मं इंजिन बुडालेली बोट दोन व्हॉल्व उघडल्यावर अर्ध्या तासात जाते. ती पहिली वीस मिनिटं पाण्यावर होती तशीच बसली होती. पाण्याच्या पातळीला मारलेली रंगाची रेघसुद्धा बुडाली नव्हती."

"हो," मी म्हटलं.

"बोळा धरून होता?"

"धरून होता."

त्यांनी मान हलवली, तेव्हा बोटीवर हलवली होती तशीच. मग म्हणाले, "उतरवलंस ते एक वेळ समजू शकतो मी. सायमन होता, तू थकली होतीस. पण बुडवलीस का? दिवा लावून सोडता आली असती."

"सापडली असती."

ती बाई नातवाचं तोंड पुसत होती. माझ्या हातात त्यांची फाइल होती, तिचा कोपरा मी दुमडत होते आणि सरळ करत होते. सहा वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं ते मग मी विचारलं.

"अण्णा, तुम्ही पोचला असतात?"

त्यांनी खरंच विचार केला. नऊ वर्षं ज्या बोटीचा प्रत्येक सांधा हातांनी घासला होता तिच्यावर ते मनातल्या मनात पुन्हा चढले असावेत. पट्टीमुळे चेहऱ्यावरचं काही दिसत नव्हतं.

"पोचलो असतो," ते म्हणाले.

औषधांच्या खिडकीतून त्यांचं नाव पुकारलं. मी थेंबांच्या बाटल्या घेतल्या, कुठली केव्हा घालायची ते विचारून घेतलं आणि परत आले. ते उभे राहिले होते, भिंतीला हात लावून. मी त्यांचा दंड धरला. दवाखान्याच्या दाराबाहेर पायऱ्या होत्या. बाहेर ऊन होतं. पट्टी बांधलेला डोळा आणि तो अधू डोळा घेऊन ते पहिल्या पायरीशी थांबले.

"किती आहेत?" त्यांनी विचारलं.

"सहा."

ते माझ्या हाताला धरून उतरायला लागले. मी मोजत होते, तेही ओठांत मोजत होते. सहावी झाल्यावर त्यांनी पाय टाकला नाही. चपलेच्या टोकाने आधी पुढची जमीन चाचपून पाहिली, मग तिच्यावर भार दिला.